स्नोबोर्ड विकत घेण्याआधी तो बर्फावर चालवून पाहावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हिवाळी खेळांचे साहित्य कसे खरेदी करावे, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच वाचला. हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे यांबद्दल त्यात दिलेली माहिती अचूक व उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. परंतु स्नोबोर्डाच्या, म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत उतरण्याच्या फळीच्या, बाबतीत लेखकाने दिलेला सल्ला असा आहे की, आपली उंची मोजावी, तक्त्यात त्या उंचीसमोर छापलेली लांबी पाहावी, ग्राहकांनी ज्याला सर्वाधिक तारे दिले असतील तो बोर्ड निवडावा आणि मार्च-एप्रिलमध्ये भाव उतरले की घरबसल्या मागवावा. हा सल्ला वाचकांना महागात पडेल, असे मला वाटते. मी कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहते आणि हिवाळ्यातील शनिवार-रविवारी एका दुकानाच्या दुरुस्ती विभागात बोर्डांना धार लावण्याचे व मेण चढवण्याचे काम करते. जेमतेम एखादा मोसम वापरलेले, कडा अजून जवळपास कोऱ्या असलेले आणि ‘विकायचे आहेत, जरा नीट करून द्या’ असे सांगून आणलेले बोर्ड तेथे दर वर्षी येतात. त्यांच्या मालकांची कहाणी बहुधा एकसारखीच असते: बोर्ड नामांकित कंपनीचा, लांबी तक्त्याबरहुकूम आणि तरीही वळताना तो काही केल्या आपला वाटत नाही.

प्रथम त्या तक्त्याविषयी. बोर्ड हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान पोचला पाहिजे, हा जुना ठोकताळा आहे. निवड फारशी नव्हती तोवर तो चालून गेला. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधील मस्केगन येथे शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलीसाठी दोन स्की शेजारीशेजारी जोडून जे खेळणे तयार केले, त्यातून हा खेळ पुढे आला, आणि १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा गिऱ्हाइकापुढे निवडायला विशेष काही नव्हतेच. आज एकाच कंपनीच्या यादीत वेगवेगळ्या घडणीचे कितीतरी बोर्ड असतात आणि प्रत्येक घडण अनेक लांब्यांमध्ये मिळते. बोर्डाला मात्र आपली उंची कळत नाही. त्याला कळते ते आपले वजन आणि आपल्या पावलाची लांबी. पाच फूट सात इंच उंचीची दोन माणसे घ्या, एकाचे वजन ५८ किलो आणि दुसऱ्याचे ८२. तक्ता दोघांनाही एकच बोर्ड देईल. पहिल्याच्या पायाखाली तो वाकणारच नाही आणि दुसऱ्याच्या पायाखाली वेग वाढताच थरथरू लागेल. कंपन्या आता प्रत्येक लांबीसोबत वजनाची मर्यादा छापतात ती याच कारणाने, आणि उंचीच्या रकान्यापेक्षा तो रकाना अधिक भरवशाचा आहे.

रुंदीचा तर लेखात उल्लेखही नाही. बूट बोर्डाच्या बाहेर फार डोकावत असेल, तर बोर्ड कडेवर कलंडताच बुटाचे टोक किंवा टाच बर्फाला घासते, कड उचलली जाते आणि स्वार आडवा होतो. म्हणून मोठ्या पावलांच्या लोकांसाठी रुंद बोर्ड निघाले. साधारणपणे अमेरिकन मापाने दहा-अकराच्या पुढचा बूट असेल, तर त्यांचा विचार करावा लागतो. आपल्या ओळखीच्या मराठी मंडळींत मात्र मला याच्या उलट अडचण जास्त दिसते. पाऊल लहान आणि बोर्ड रुंद असला, की बोटांचा आणि टाचेचा दाब कडेपर्यंत पुरेसा पोचत नाही. मग बोर्ड सुस्त वाटतो, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ घेतो, आणि चालवणारा समजतो की आपल्यालाच जमत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे जाणवते. घरातला पुरुषाचा बोर्ड ‘जरा लांबच आहे, पण चालेल’ म्हणून बायकोला किंवा मुलीला दिला जातो आणि त्याच्या मधल्या भागाची रुंदी कोणी पाहत नाही. पुरुषांच्या सर्वसाधारण बोर्डाची कंबर २५ सेंटिमीटरच्या आसपास असते, तर स्त्रियांच्या बोर्डाची २४ किंवा त्याहून कमी. हा एका सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण संध्याकाळी पोटऱ्यांत नेमका कळतो.

एवढे सगळे आकडे नीट पाहिले, तरी बोर्ड कसा चालेल ते त्यांवरून पूर्णपणे ठरत नाही. कडकपणाचे उदाहरण घ्यावे. बहुतेक कंपन्या तो एक ते दहा अशा मोजपट्टीवर सांगतात. पण ही मोजपट्टी प्रत्येक कंपनीची स्वतःची असते, सर्वांना लागू होणारे प्रमाण कोणतेही नाही. एका कंपनीचा सहा दुसऱ्या कंपनीच्या चारापेक्षा मऊ निघू शकतो. ताऱ्यांची गोष्ट तर विचारूच नये. तारे देणाऱ्याचे वजन किती, तो कोणत्या डोंगरावर जातो, आणि तो बोर्ड त्याने एक दिवस वापरला की तीन हिवाळे, यांतले काहीही आपल्याला ठाऊक नसते. त्यामुळे बर्फावर प्रत्यक्ष चालवून पाहणे एवढाच खात्रीचा मार्ग उरतो.

सुदैवाने येथे त्याची सोय आहे, आणि लेखात ती यायला हवी होती. मोसमाच्या सुरुवातीला, आणि काही ठिकाणी वसंत ऋतूतही, कंपन्या व दुकाने डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून आपले बोर्ड चालवायला देतात. येथे त्याला डेमो म्हणतात. ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड ठेवून घेतात आणि एका अर्जावर सही करावी लागते. त्या अर्जात मोडतोडीचा खर्च कोणाचा हे लिहिलेले असते, म्हणून तो वाचूनच सही करावी. नोव्हेंबरात बर्फाचा थर पातळ असतो आणि खाली लपलेला एखादा दगड बोर्डाचा तळ गाभ्यापर्यंत खरवडू शकतो. त्यानंतर वजन विचारतात, डावा पाय पुढे ठेवता की उजवा ते विचारतात आणि त्याप्रमाणे बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडून ठेवणारी साधने, बसवून देतात. एक-दोन फेऱ्या मारून बोर्ड परत करायचा आणि दुसरा घ्यायचा. याशिवाय बरीच दुकाने त्या वर्षीच्या नव्या बोर्डांचा एक वेगळा ताफा भाड्याने देण्यासाठी ठेवतात. त्याचे दिवसाचे भाडे नवशिक्यांच्या बोर्डापेक्षा जास्त असते, परंतु तेथूनच खरेदी केली तर अनेक दुकाने ते किमतीतून वजा करतात. किती दिवसांचे भाडे वजा होणार आणि कोणत्या मालावर, हे आधी विचारून घ्यावे. सवलतीच्या मालावर ती वजावट बऱ्याचदा लागू नसते आणि हे काउंटरवर पोचल्यावरच कळते.

तथापि डेमोला नुसते जाऊन भागत नाही. चुकीच्या पद्धतीने पारखलेला बोर्ड तक्त्यावरून घेतलेल्या बोर्डाइतकाच फसवतो, किंबहुना जास्तच, कारण मग ‘मी स्वतः चालवून पाहिला होता’ अशी खात्री मनात बसलेली असते. ज्या गोष्टींमुळे ही पारख बिघडते, त्यांपैकी बहुतेकांचा बोर्डाशी संबंधच नसतो.

यात पहिला क्रमांक बुटांचा. माझे स्पष्ट मत असे आहे की, हाती असलेल्या पैशांतून आधी बूट घ्यावेत, आणि स्वतःचे बूट येईपर्यंत डेमोच्या तंबूकडे फिरकू नये. आपल्याकडून गेलेला दाब बुटातून बाइंडिंगला, बाइंडिंगमधून बोर्डाला आणि बोर्डातून कडेला पोचतो. या साखळीची पहिली कडी सैल असेल, तर पुढच्या कड्यांविषयी काहीच कळत नाही. भाड्याचे बूट शेकडो पायांनी आतून दबलेले असतात. बोटांच्या कडेवर झुकताना त्यांत टाच उचलली जाते, वळण क्षणभर उशिरा सुरू होते, आणि तो उशीर बोर्डाच्या नावावर जमा होतो. बूट घेताना सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या अस्तराला हलकीशी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर थोडी मागे सरकली पाहिजेत. टाच जागची हलता कामा नये. मोजे एकच जोडी घालावी. थंडीच्या भीतीने दोन जोड्या घालणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांचे पाय उलट अधिक गार पडतात, कारण रक्तप्रवाह आवळला जातो. दुकानात बूट घालून पाच मिनिटांत निर्णय घेऊ नये, निदान अर्धा तास त्यांत उभे राहावे, चालावे, खाली बसून उठावे. नाडीचे बूट घ्यावेत की २००१ पासून प्रचारात आलेले, चकती फिरवून तार आवळण्याचे बोआ पद्धतीचे, हा आवडीचा प्रश्न आहे. पण ज्यांना पट्ट्यांऐवजी बूट थेट अडकवण्याची, बर्टन कंपनीने २०१७ मध्ये आणलेली स्टेप ऑन पद्धत हवी आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे की तिला विशिष्ट बूटच लागतात आणि डेमोच्या सगळ्या तंबूंत ती बाइंडिंग मिळतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बाइंडिंगची जागा. दोन पायांतील अंतर आणि पावलांचे कोन बदलले, की तोच बोर्ड निराळा वाटू लागतो. तंबूत गर्दी असते, काम करणारी मुले घाईत असतात आणि समोर येईल त्याला ठराविक कोनात बाइंडिंग लावून मोकळी होतात. म्हणून आपले अंतर आणि आपले कोन, समजा पुढचा पाय १५ अंश पुढे आणि मागचा ६ अंश मागे, कागदावर लिहून न्यावेत आणि प्रत्येक बोर्डावर तेच लावून मागावेत. यात संकोच करण्याचे कारण नाही. स्कीच्या बाइंडिंगप्रमाणे स्नोबोर्डाची बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटत नाहीत, त्यामुळे ती पक्की बसली आहेत की नाहीत, हे स्वतः हलवून पाहणेही आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट माझ्या रोजच्या कामातली, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. बोर्डाची पहिली छाप पाडण्यात घडणीइतकाच वाटा धारेचा आणि मेणाचा असतो, आणि डेमोचे बोर्ड या बाबतीत एकसारखे कधीच नसतात. काही नुकतेच खोक्यातून निघालेले असतात. त्यांच्या टोकाशी आणि शेपटीशी कड इतकी तीक्ष्ण असते की वळण सुरू करताना ती बर्फात अडकते आणि बोर्ड उगाच हट्टी वाटतो. काही सकाळपासून दहा जणांच्या पायांखालून गेलेले असतात. त्यांचे मेण उडालेले असते आणि कडेलगतचा तळ पांढुरका व केसाळ दिसू लागलेला असतो. मागच्या हिवाळ्यात एक तरुण आमच्या काउंटरवर दोन बोर्डांची तुलना सांगत होता. एक कडक बर्फावर घट्ट धरतो आणि दुसरा निसटतो, म्हणून पहिलाच घ्यायचा, असे त्याचे ठरले होते. दोन्ही बोर्ड टेबलावर आडवे ठेवले आणि मी निसटणाऱ्या बोर्डाच्या कडेवरून नख फिरवले. धारदार कडेवर नखाचा बारीक भुगा निघतो, तसा येथे काही निघेना. पुढच्या पायाच्या खाली वीतभर भागात कड दगडावर घासून गोल झाली होती आणि तिच्यावर बारीक चऱ्या उभ्या राहिल्या होत्या. कानस मारून, कड ८९ अंशांवर आणून आणि मेण चढवून तो बोर्ड त्याला पुन्हा दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन त्याने तोच विकत घेतला. म्हणून तंबूत बोर्ड हातात घेतला की आधी उलटा करावा, तळ पाहावा, कडेवरून नख फिरवावे, आणि धार बोथट असेल तर सरळ सांगावे. तळ काळा व गुळगुळीत दिसत असेल तर मेण आहे, करडा आणि कोरडा दिसत असेल तर नाही. बोर्ड ‘वेगवान’ आहे असे जे म्हटले जाते, त्यातला बराचसा भाग या मेणाचा असतो. पॉलिइथिलीनची पूड दाबून तयार केलेला तळ मेण अधिक शोषतो आणि वेगवान चालतो, पण त्याला वारंवार मेण लावावे लागते. वितळवून ओतलेला तळ थोडा मंद, पण कमी निगेवर निभावतो. जो माणूस हिवाळ्यातून चार वेळा डोंगरावर जाणार आणि बोर्ड गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवणार, त्याने पहिल्या प्रकारासाठी जास्त पैसे मोजण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आता बर्फाविषयी, कारण डेमोच्या दिवशी आपण बोर्डाइतकीच त्या दिवसाच्या बर्फाची परीक्षा घेत असतो. डेन्व्हरहून पश्चिमेकडे जाणाऱ्या महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्यापाशी असलेले लव्हलँड आणि त्याच्या पलीकडील अरापाहो बेसिन ही दोन ठिकाणे दर वर्षी फार लवकर सुरू होतात. परंतु तेव्हा उघडलेली असते ती यंत्राने पाडलेल्या बर्फाची एखादी अरुंद पट्टी. तो बर्फ घट्ट आणि सकाळी तर जवळपास फरशीसारखा असतो. त्यावर कड किती धरते हे उत्तम कळते, पण जानेवारीत रात्रभर हिमवर्षाव झाल्यावर हाच बोर्ड गुडघाभर भुसभुशीत बर्फात तरंगेल की टोक खुपसून बसेल, हे मुळीच कळत नाही. एप्रिलच्या दुपारच्या डेमोत याच्या उलट होते. बर्फ वितळून चिखलासारखा मऊ झालेला असतो, सगळेच बोर्ड त्यात मायाळू वागतात, आणि पुढच्या डिसेंबरात घट्ट उतारावर गेल्यावर खरी ओळख पटते.

घडणीचा प्रश्न येथेच येतो. जमिनीवर ठेवल्यावर ज्याचा मधला भाग किंचित उचललेला असतो, तो कॅम्बर. आपण वर उभे राहिलो की तो सपाट होतो आणि दाब कडेच्या पूर्ण लांबीवर पसरतो, म्हणून कडक बर्फावर त्याची पकड चांगली, पण चूक झाली तर तो क्षमा करत नाही. ज्याचा मध्य टेकलेला आणि टोके उचललेली असतात, तो रॉकर. लिब टेक कंपनीने २००६ च्या सुमारास तो लोकप्रिय केला. तो सहज वळतो, मऊ बर्फात वर राहतो आणि कडक बर्फावर थोडा निसटतो. ती उणीव भरून काढायला त्याच कंपनीने लाटांसारखी नागमोडी कड वापरली आहे. आज बाजारात मिळणारे बरेचसे बोर्ड या दोहोंचे मिश्रण असतात आणि मिश्रणाचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते. म्हणून न्यू जर्सी किंवा बॉस्टनला राहणाऱ्या आणि व्हरमाँटच्या कडक, बर्फगार उतारांवर जाणाऱ्या मराठी कुटुंबाने कोलोरॅडोत सुटीवर आले असता येथील कोरड्या बर्फावर आवडलेला बोर्ड घेऊन जाणे शहाणपणाचे नाही. सिअॅटलच्या आसपासचा किंवा कॅलिफोर्नियातील टाहो सरोवराच्या परिसरातला बर्फ पुष्कळदा ओला आणि जड असतो, त्यालाही हेच लागू आहे. आपण ज्या डोंगरावर नेहमी जातो, त्याच डोंगरावर, आणि तेथे सर्वाधिक दिवस जसा बर्फ असतो तशा दिवशी पारख करावी. लेखात युटामधील आल्टा व डिअर व्हॅली यांची नावे सहलीसाठी सुचवली आहेत, म्हणून जाता जाता सांगते की तेथे स्नोबोर्डला परवानगीच नाही. व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेनचीही तीच गोष्ट आहे.

प्रत्यक्ष चालवताना उतार बदलू नये, बोर्ड बदलावा. एकच मध्यम उतार निवडून प्रत्येक बोर्डावर त्याच रेषेने उतरावे. पहिली फेरी सवय होण्यासाठी सोडून द्यावी आणि मत दुसऱ्या फेरीनंतर बनवावे. मोठी वळणे, मग छोटी वळणे, मग थोडा वेळ उलटा पाय पुढे ठेवून, आणि मग एखादा सपाट भाग. सपाट भागाचे महत्त्व नवख्यांच्या लक्षात येत नाही. स्कीवाल्यांच्या हातांत काठ्या असतात, आपल्या नसतात, आणि ब्रेकनरिजसारख्या पसरलेल्या ठिकाणी एका शिखरावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या लांबलचक वाटांवर मंद बोर्ड घेऊन जाणारा माणूस मागचा पाय सोडवून ढकलत ढकलत जातो. एका पायावर बोर्ड कसा हाताळता येतो, हे डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेतच कळते. लिफ्टच्या टांगत्या खुर्चीत बसल्यावर तो पुढच्या पायाला लटकत असतो, आणि जड बोर्ड गुडघा कसा ओढतो हे दुकानात हातांवर तोलून कधीच समजत नाही. ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतो, त्यांनी या एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे.

एका दिवसात फार बोर्ड घेऊ नयेत. लव्हलँडचा पायथाच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० मीटरवर आहे. विरळ हवेत दुपारपर्यंत मांड्या भरून येऊ लागतात आणि तीन वाजता घेतलेला प्रत्येक बोर्ड वाईट वाटतो. मला स्वतःला सर्वांत उपयुक्त वाटलेली पद्धत अशी की, पाच कंपन्यांचे पाच बोर्ड चालवण्याऐवजी जो बोर्ड मनात आहे, त्याच्याच लगतच्या दोन लांब्या पाठोपाठ चालवाव्यात. आपली लांबी कोणती, हे एकदा पायांना कळले की उरलेली निवड निम्मी सोपी होते. त्यानंतर दुसऱ्या घडणीचा एखादा बोर्ड घ्यावा, आणि शेवटी पहिला बोर्ड पुन्हा घेऊन एक फेरी मारावी. सकाळी आवडलेला बोर्ड थकल्यावरही आवडतो का, हे त्याशिवाय कळणार नाही. प्रत्येक फेरीनंतर खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलवर दोन ओळी लिहून ठेवाव्यात. घरी परतल्यावर आठवतात ते बोर्डावरच्या चित्रांचे रंग, आणि ती चित्रे काढणारे कलावंत आपल्या कामात निष्णात असतात.

किमतीविषयी थोडक्यात. चांगला नवा बोर्ड येथे साधारण ४०० ते ७०० डॉलरला मिळतो, त्यात बूट व बाइंडिंग धरलेली नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये दर उतरतात, हे लेखातले म्हणणे बरोबर आहे, आणि कित्येक बोर्ड पुढच्या वर्षी केवळ चित्र बदलून येतात, तेव्हा मागच्या वर्षीचा घेण्यात काहीच कमीपणा नाही. माझा आक्षेप सवलतीला नाही. हिवाळ्यात चालवून ठरवलेला बोर्ड वसंतात स्वस्त मिळाला, तर त्यासारखे उत्तम काही नाही.

ही सारी खटपट कोणी करू नये, तेही सांगितले पाहिजे. ज्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न थांबता वळणे जोडता येत नाहीत, त्याने डेमोला जाणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. त्याला दोन बोर्डांतला फरक जाणवणारच नाही, कारण त्याचे सगळे लक्ष उभे राहण्याकडे असते. तिशी-चाळिशीत हा खेळ सुरू करणारी आपली मंडळी उत्साहाच्या भरात पहिल्याच हिवाळ्यात सगळे सामान विकत घेतात. त्यांनी बूट घ्यावेत, बोर्ड भाड्याने घ्यावा, शिकवणी लावावी आणि थांबावे.

आपल्या वृत्तपत्राचे बहुसंख्य वाचक महाराष्ट्रात आहेत आणि गुलमर्ग किंवा मनालीला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणून त्यांच्यासाठीही एक गोष्ट लिहिते. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून बोर्ड मागवून घेण्याची विनंती मला अधूनमधून ऐकू येते. गुलमर्गला बोर्ड भाड्याने मिळतात. गोंडोलाच्या, म्हणजे तेथील रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर जाऊन तेथल्या खोल, यंत्राने न दाबलेल्या बर्फातून उतरण्याइतकी तयारी झालेल्या माणसाला स्वतःचा बोर्ड हवासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वर्षातून एका आठवड्यासाठी गुलमर्गच्या खालच्या सौम्य उतारावर शिकणाऱ्याने पुण्यात किंवा ठाण्यात बोर्ड आणून ठेवू नये. कडा पोलादाच्या असतात, आणि आपल्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या बोर्डाच्या कडांवर दिवाळीपर्यंत तांबूस गंज चढतो. ठेवायचाच असेल तर तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर चढवून, तो न खरवडता, कोरड्या जागी ठेवावा, आणि बर्फावर नेण्याआधी खरवडून काढावा.

लेखासोबत छापलेला उंचीचा तक्ता अनेकांनी कापून ठेवला असेल. तो पुन्हा छापण्याचा विचार असल्यास त्यात वजनाचा आणि बुटाच्या मापाचा असे दोन रकाने वाढवावेत, आणि डेमोच्या तारखा बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाहीर होतात, तेव्हा त्या सुमारास वाचकांना त्याची आठवण करून द्यावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक
डेन्व्हर, कोलोरॅडो